शरीफची कसम आणि उंबऱ्याबाहेरची खुर्ची

लोकांना वाटतं, मशिदीशेजारच्या खोलीत बसणारी बाई दिवसभर तसबीहची माळ ओढत असेल. खरं सांगायचं तर माझं निम्मं आयुष्य दुसऱ्यांची भांडणं शब्दाला शब्द ऐकण्यात गेलं. तो काय बोलला, मग तू काय बोललीस, मग तो नेमकं काय बोलला. शेजारणी हेच काम करतात तर त्यांना चुगलखोर म्हणतात. मी केलं तर बायका मला "आपा" म्हणायच्या आणि जाताना दुआ देऊन जायच्या.

मी आलिमा, म्हणजे मुलींच्या मदरशात दीनाचं, धर्माचं, शिक्षण पुरं केलेली बाई. खांदेश्वरला आमच्या मशिदीला लागून एक खोली आहे. सकाळी तिथे लहान मुलं अलिफ-बे शिकायची आणि दुपारी बायका मसले घेऊन यायच्या. मसला म्हणजे दीनाबद्दलचा प्रश्न. नमाज चुकली तर काय, रोजा मोडला तर काय, असे. उत्तर माहीत असेल तर मी सांगायचे, पण फतवा द्यायचा अधिकार माझा नाही, तो मुफ्तींचा. एकूण मी कंपाउंडर. सर्दी-खोकला माझ्याकडे, ऑपरेशन मुफ्तीसाहेबांकडे. मुफ्तीसाहेब तळोज्याला राहायचे आणि फोनवर इतकं कमी बोलायचे, की लाइन कट झाली की काय असं वाटायचं.

माझ्याकडे सगळ्यात जास्त गिऱ्हाईक कसमेचं. म्हणजे शपथेचं. आमच्या लोकांना कसम खायला कारण लागत नाही. चहा मस्त झाला तरी कसम, रिक्षा मिळाली नाही तरी कसम. आणि मोडली की मग माझी खोली आठवते.

नियम तसा अवघड नाही. अल्लाचं नाव घेऊन, समजून-उमजून, "अमुक करीन" किंवा "करणार नाही" असं म्हटलं तर ती कसम. मोडली तर कफ्फारा, म्हणजे भरपाई द्यायची. दहा गरिबांना अन्न किंवा कपडे. तेवढी ऐपतच नसेल तर तीन रोजे. इथे गंमत अशी की हातात सोन्याच्या बांगड्या घातलेल्या बायकाही हळूच विचारायच्या, "आपा, रोजेच ठेवले तर नाय चालणार?"

पोराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली, आईच्या दुधाची, ताटातल्या भाकरीची, या कसमाच नाहीत. अल्लाशिवाय कुणाच्याच नावाने कसम खायची नाही. खाल्ली तर तौबा करायची, म्हणजे अल्लाची माफी मागायची, आणि विषय संपवायचा. एक बाई रडत आली होती. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून "जावेशी बोलणार नाही" म्हणाली, दुसऱ्या दिवशी जावेशी बोलली, आणि तिसऱ्या दिवशी मुलाला ताप. मी म्हटलं, "बाई गं, तापाचं डासांना विचार. जावेला कशाला मधे आणतेस?"

आणि आमच्या सेक्टरातला एक टेलर. ईदेच्या आधी प्रत्येक बाईला सांगायचा, "अल्लाची कसम, चांदरातीच्या आत शिवून देतो, इन्शाअल्ला." चांदरातीला दुकान बंद. बायका माझ्याकडे तणतणत यायच्या, त्याला कफ्फारा लावा म्हणून. आता पंचाईत अशी की कसमेला जोडून, जाणूनबुजून "अल्लाने चाहलं तर" म्हटलं की ती कसम बांधतच नाही. टेलरला हे पक्कं माहीत होतं. मला तर वाटतं, दीनातलं त्याने तेवढंच शिकून घेतलं होतं.

अशा गोष्टींवर मी हसत हसत उत्तरं दिली. एक प्रकार मात्र हसण्यावारी न्यायचा नाही, हे आम्हाला मदरशात पहिल्यांदा शिकवतात. तो म्हणजे ईमानाबद्दल सैल बोलणं. "अमुक केलं तर मी मुसलमान नाही" हे वाक्य रागात लोक सहज फेकतात. किताबांमध्ये याबद्दल फार कडक लिहिलंय. पण तितकंच कडक हेही लिहिलंय, की असं बोललेल्या माणसाला "जा, तू दीनाबाहेर झालास" म्हणण्याची घाई करू नका, तो शब्द म्हणणाऱ्यावरच उलटू शकतो. ही दुसरी बाजू सहसा कुणी सांगत नाही. पहिलीच्या क्लिपा मात्र फोनोफोनी फिरतात.

तर शरीफचं सांगते.

शरीफ उरणला कंटेनर यार्डात क्रेन चालवतो. धिप्पाड माणूस. एवढाले कंटेनर अलगद उचलून जागच्या जागी ठेवतो, जीभ मात्र त्याला कधीच जागेवर ठेवता आली नाही. त्याची बायको नसीम माझ्याकडे कुराणाचे उच्चार सुधारायला यायची, म्हणून ओळख. शरीफचा थोरला भाऊ उस्मानभाई दोन गल्ल्या सोडून राहतो. सरकारी नोकरीतून रिटायर झालेला, शिस्तीचा. त्यांची आई खैरूनबी उस्मानभाईकडेच असते. तिला मी खाला, म्हणजे मावशी, म्हणते. खाला मूळची उरणकडच्या खेड्यातली, बोलणं अजून तिकडचंच.

भांडण झालं सुक्या बोंबलांवरून. डॉक्टरने खालाला मीठ बंद केलेलं. उस्मानभाईने घरात बीपीचं मशीन आणलं, सकाळ-संध्याकाळच्या गोळ्यांचे वेगळे डबे केले, लोणच्याची बरणी कपाटावर चढवली. आणि शरीफ दर आठवड्याला उरणहून येताना आईसाठी सुके बोंबील आणायचा, गुपचूप तिच्या उशीखाली ठेवायचा. उशीखालचे बोंबील गुपचूप राहत नाहीत. उस्मानभाईला वास आला, त्याने पुडकं उचललं आणि खाली वॉचमनला देऊन टाकलं.

शरीफला कळलं तेव्हा तो जिन्यात होता. तिथूनच ओरडला, "आईच्या तोंडचा घास काढून वॉचमनला देतोस? अल्लाची कसम, तुज्या घरात पाय ठेवणार नाय! ठेवला तर मी मुसलमान नाय!"

जिन्यात आवाज घुमतो. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांनी ऐकलं.

पहिले काही दिवस ताणात गेले. मग खाला बाथरूममध्ये घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आणलं, आतल्या खोलीत पलंगावर ठेवलं. शरीफचा जीव आईत. रोज ड्युटीवरून सुटला की तो यायचा, पण उंबऱ्याबाहेर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचा. पलंग आत, तो बाहेर. मधे हॉल. त्यामुळे दोघांना ओरडून बोलावं लागायचं.

"मा, दुखतंय का?"

"काय?"

"दुखतंय का?"

"आत येऊन बग ना मेल्या!"

समोरच्या फ्लॅटवाल्यांना खालाची लघवी किती वेळा झाली इथपर्यंत सगळं पाठ झालं. सोसायटीच्या सेक्रेटरीने येऊन सांगितलं, पॅसेजमध्ये खुर्ची चालणार नाही. शरीफ उभा राहून ओरडायला लागला. सेक्रेटरी दुसऱ्या दिवशी स्वतः खुर्ची घेऊन आला.

खाला साधी वाटते, पण आहे पक्की. एके सकाळी उस्मानभाईची बायको पेज घेऊन आली, तेव्हा खालाने तोंड मिटलं आणि म्हणाली, "अल्लाची कसम, शरीफनं येऊन भरवल्याबिगर घास खानार नाय."

आता दोन कसमा समोरासमोर उभ्या. एक मोडल्याशिवाय दुसरी पुरी होणार नाही. आणि गोळ्या उपाशीपोटी देता येत नाहीत.

दुपारी शरीफ माझ्या खोलीच्या दारात हजर. हातात हेल्मेट, मागे नसीम.

"आपा, एक टेक्निकल प्रश्न हाय."

"विचार."

"मी बोललो, पाय ठेवणार नाय. पाय. बरोबर? आता समजा, दोघांनी मला खुर्चीसकट उचलला, तसाच आत नेला आणि मा च्या पलंगाशेजारी ठेवला. माझे पाय वरच. लादीला टेकलेच नाय. तर?"

"उचलणार कोण?"

"यार्डातले दोघं खाली उभे हायत."

हसू दाबणं हा आमच्या कामाचा मोठा भाग आहे. मी त्याला समजावलं, की कसमेचा अर्थ बोलीभाषेवरून लावतात. पाय ठेवणार नाही म्हणजे जाणार नाही. स्वतःच्या सांगण्यावरून उचलून नेलं तरी तो गेलाच. "उद्या म्हणशील, हातांवर चालत गेलो."

शरीफचा चेहरा पडला. "ते पन विचारणारच होतो."

"शरीफ, तुझी आई सकाळपासून उपाशी आहे ना?"

"हो ना आपा. टेन्शन तेच हाय. मग असं नाय होणार का, की तिनंच तिची कसम मोडायची? दोन घास खाऊन घ्यायचे. तिचा कफ्फारा मी देतो. बिर्याणी वाटतो."

आता मात्र मला राग आला. "तुझी कसम नातं तोडायची आणि तिची जोडायची. यातली कुठली मोडायची, हेही आपाने सांगायचं? अल्लाचं नाव चांगल्या कामाला आडवं लावायला नसतं. कसम खाल्ल्यावर त्याहून चांगलं काही समोर आलं तर चांगलं ते करायचं आणि कसमेचा कफ्फारा द्यायचा. हे शिकवलेलं आहे आपल्याला. जा, ऊठ."

तो उठला. नसीम उठली नाही.

"आणि दुसरं वाक्य?" ती म्हणाली. "मुसलमान नाय, ते?"

शरीफ तिथेच थांबला. नसीमने फोन पुढे केला. त्यात कुणीतरी हात उडवून सांगत होतं, की असं बोलणाऱ्याचा ईमान गेला आणि निकाहसुद्धा गेला. "माझ्या भावजयीने पाठवलंय. आपा, आत्ता यांनी तिकडं पाय ठेवला तर संध्याकाळी मी यांची कोण? स्वयंपाक करू की नको करू?"

नसीम तशी गमतीने बोलते, पण हे ती गमतीने विचारत नव्हती. शरीफ तर खालीच बसला. "आपा, म्हणून तर मी खुर्चीचं काढलं," तो म्हणाला. "मा कडे गेलो तर ही जाणार. नाय गेलो तर मा जाणार." एवढा मोठा माणूस, हेल्मेट पोटाशी धरून रडायला लागला.

ऑपरेशनची केस होती. मी मुफ्तीसाहेबांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"शब्द?" मुफ्तीसाहेबांनी विचारलं.

शरीफने सांगितले.

"बोलताना मनात काय होतं?"

"राग, हजरत."

"दीन सोडायचं होतं?"

"तौबा तौबा! मला फक्त भाईजानला घाबरवायचं होतं."

"भावाला घाबरवायला अल्लाशी खेळलास." मग त्यांनी विचारलं, "तू कोकणी, शाफई ना? आपल्या मसलकात हे वाक्य कसम होत नाही. दीन सोडायची नियत नव्हती, तर दीनही शाबूत. पण गुनाह मोठा. तौबा कर, कलमा पढ, जीभ आवर. निकाह शाबूत आहे."

मसलक म्हणजे मसले सोडवायची रीत. आम्हा कोकणी मुसलमानांची शाफई. उत्तरेकडचे बहुतेक हनफी आहेत. त्यांच्या रीतीत हेच वाक्य कसम धरलं जातं आणि मोडली तर कफ्फारा लागतो. म्हणून तर पहिल्यांदा शब्द विचारायचे, मग नियत, मग रीत. क्लिपमधला माणूस यातलं काहीच विचारू शकत नाही. त्याला समोरचा दिसतच नाही.

"आणि ते अल्लाची कसम, हजरत?" शरीफने विचारलं.

"त्याचा कफ्फारा दे. आईला भरव. अजून फोनवर काय करतोयस?"

मीही त्यांच्यामागे गेले. काम म्हणून नव्हे. मला बघायचं होतं.

उस्मानभाई दारातच उभा होता, हातात पेजेची वाटी. दोघे भाऊ उंबऱ्याच्या दोन बाजूंना. शरीफने तिथेच तौबा केली, मोठ्याने कलमा पढला आणि पाय आत टाकला.

आतल्या खोलीतून खालाचा आवाज आला. "चपला काड! कसम मोडलीस ती मोडलीस, लादी नको खराब करू."

उस्मानभाईने वाटी शरीफच्या हातात दिली. शरीफ पलंगाच्या कडेला बसला आणि त्याने पहिला चमचा आईच्या तोंडात घातला. खालाने तो घोळवला, गिळला, आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ नाय."

शरीफने भावाकडे पाहिलं. सगळ्यांना वाटलं, आता पुन्हा पेटतंय. पण शरीफ म्हणाला, "डॉक्टरनं सांगितलंय ना मा. भाईजान बरोबर हाय." आणि उस्मानभाई, ज्याला मी कधी डोळे पुसताना पाहिलं नव्हतं, तो गोळ्यांचा डबा शोधायला म्हणून पाठ करून उभा राहिला. डबा त्याच्या समोरच होता.

कफ्फाऱ्याचं शरीफच्या डोक्यात वेगळंच होतं. यार्डातल्या मित्रांना बोलावून बिर्याणीचा डेग चढवायचा. मी सांगितलं, मित्र नाही, गरीब. आणि आमच्या रीतीत शिजवून वाढण्यापेक्षा धान्य हातात द्यायचं. मग तो एका रविवारी तांदळाच्या पिशव्या घेऊन दिघ्याला गेला. त्याच्या यार्डातला एक हेल्पर तिथल्या वस्तीत राहतो, त्याने खरी गरजवंत घरं दाखवली. परत येताना तो माझ्या दारात थांबला. मी विचारलं, काय झालं?

"एका म्हातारीनं विचारलं, बाबा, हे कशाबद्दल? मी बोललो, जिभेबद्दल, आजी. तर ती हसली आपा. बोलली, मग तू परत येशीलच."

मला वाटलं, केस मिटली. माझ्या कामात एक खंत कायमची राहिली, ती ही की शेवट सहसा कळत नाही. लोक उत्तर घेऊन जातात, पुढे घरात काय झालं ते सांगायला कुणी येत नाही. पण या वेळी नसीम आली. मुलं शिकून गेल्यावर, एकटी.

"आपा, निकाह शाबूत हाय ते कळलं. पन परत केला तर चालतो का?"

"पुन्हा नवी क्लिप आली का?"

"नाय हो." ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "शरीफ एवढ्या मोठ्यानं बोलले. अख्ख्या बिल्डिंगनं ऐकलं. मुफ्तीसाहेब बोलले, निकाहला काय झालं नाय. आणि निकाहच्या वेळी मी एक शब्द बोलले नव्हते, तर माझं लग्न होऊन गेलं. मला हे झोपताना आठवतं आणि हसायला येतं. मग येत नाय."

हे वाचणाऱ्यांना सांगायला हवं. निकाहच्या वेळी मुलीची इजाजत विचारतात. कुंवारी मुलगी लाजेने गप्प राहिली तर ती गप्पच होकार समजतात. मुलीला तोंड उघडून "हो" म्हणायची जबरदस्ती नको, अशी त्यामागची माया.

"मी लाजले नव्हते," नसीम म्हणाली. "आदल्या रात्री हळदीला गाऊन गाऊन माझा घसा बसला होता. चाचा दोन गवाह घेऊन आले, विचारलं. मी तोंड उघडलं, आवाजच नाय. बायका बोलल्या, बघा किती लाजते! चाचा गेले पन. मिठाई वाटली."

मला हसू फुटलं. तिलाही. दोघी पोट धरून हसलो. मग मी विचारलं, "आवाज असता तर काय बोलली असतीस?"

"तेच तर मला माहीत नाय आपा. हो बोलले असते वाटतं. पन विचार करायला कुणी थांबलंच नाय. आता एकदा कुणीतरी विचारावं, आणि मी बोलावं. बस."

एवढ्या वर्षांत माझ्याकडे निकाह मोडलाय का विचारायला शेकडो बायका आल्या असतील. न मोडलेला परत करायचाय म्हणून आलेली ही एकटी. मी मुफ्तीसाहेबांना फोन लावला. त्यांना सगळं सांगितलं, हळदीच्या गाण्यांसकट. पलीकडे इतकी शांतता, की मी दोनदा "हॅलो" म्हटलं.

"फर्ज नाही," ते शेवटी म्हणाले. "मनाई नाही. पहिला निकाह आपल्या जागी पक्का. मनाच्या समाधानाला करत असतील तर करू देत." आणि मग, फोन ठेवता ठेवता, "तिला सांगा, आता ती कुंवारी नाही. आता गप्प बसून चालणार नाही. तोंडाने बोलावं लागेल."

आणि मी शपथेवर नाही, साधंच सांगते, मुफ्तीसाहेब हसत होते.

शरीफला कळलं तेव्हा तो ड्युटीचे कपडे न बदलताच आला.

"आपा, म्हणजे ती नाय पन बोलू शकते?"

"विचारायचं म्हणजे तसंच असतं."

"मग विचारायचंच कशाला?"

"शरीफ, हेच तिला म्हणायचंय."

पहिला निकाह पक्का आहे, त्यामुळे नसीम काहीही बोलली तरी त्याचं घर कुठे जात नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. त्याने विचारलं नाही. आणि न विचारलेल्या मसल्याचं उत्तर देऊ नये, असं आम्हाला शिकवलंय. तो आठवडाभर घरी भांडी घासत होता, असं नसीम नंतर म्हणाली.

शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजनंतर, उस्मानभाईच्या घरीच ठरलं, कारण खालाला हलवता येत नव्हतं. नसीमचे चाचा आता नाहीत, म्हणून तिचा भाऊ वली, म्हणजे तिच्या बाजूचा पालक, म्हणून आला. गवाह म्हणून उस्मानभाई आणि मशिदीतले एक बुजुर्ग. पुरुष हॉलमध्ये, खालाच्या खोलीचं दार उघडं ठेवलेलं. नवरीसारखी सजून बसणार नाही, असं नसीमने आधीच सांगितलं होतं. ती स्वयंपाकघरात तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. इजाजत विचारायला आपाच हव्यात, असा तिचा हट्ट. म्हणून मी ओट्याशी उभी राहिले, गवाह दारात.

"नसीम, शरीफशी तुझा निकाह करून द्यायची तुझ्या भावाला इजाजत देतेस?"

"थांबा आपा, भाकरी करपेल."

तिने भाकरी उलटली. दुसऱ्या बाजूने शेकली. फुगू दिली.

"काय बोलली?" शरीफचा आवाज.

"भाकरी भाजतेय," उस्मानभाई म्हणाला.

नसीमने गॅस बंद केला. "आधी त्यांना एक विचारायचंय." आणि दारातून मोठ्याने, "रागात परत असं काय बोलाल का?"

"अल्लाची कसम, कधी नाय..." शरीफ म्हणाला आणि त्याने जीभ दातांखाली धरली.

सगळं घर हसलं. बुजुर्गसुद्धा दाढी धरून हसले. मी ओट्यापासूनच सांगून टाकलं, ही तोंडाच्या सवयीने निसटलेली, हिला लगव म्हणतात, हिची पकड नाही. "पण सवय सोड!" नसीम पिठाच्या हातांनी तोंड झाकून किती तरी वेळ हसत होती. मग तिने हात धुतले, पुसले, डोक्यावरची ओढणी नीट केली आणि माझ्याकडे न बघता, सरळ हॉलच्या दिशेने बोलली.

"हो. दिली इजाजत. मला कबूल हाय."

आवाज खणखणीत. पलीकडच्या फ्लॅटमधून कुणीतरी "मुबारक" म्हणालं. शरीफने स्वतःचं "कबूल" म्हटलं तेव्हा त्याचाच आवाज बसला होता.

दुआ झाली, भाकऱ्या आणि मटणाचं पातेलं हॉलमध्ये गेलं. मी खालाला मुबारक द्यायला आत गेले. ती उशीला टेकून छताकडे बघत होती. तिने माझा हात धरून जवळ बसवलं.

"मला पन विचार," ती म्हणाली.

"काय विचारू, खाला?"

"तिला विचारलंस तेच. मला बी कुनी नव्हतं विचारलं. म्हंजे विचारलं आसंल, पन मी लय लहान होते, झोप लागली होती. कुनीतरी मान हलवली माझी."

मी मागे पाहिलं. शरीफ आणि उस्मानभाई हातात ताटं घेऊन दारात उभे होते. त्यांचे वडील जाऊन पुष्कळ वर्षं झाली. या मसल्याला माझ्याकडे किताबातलं काही नव्हतं आणि मुफ्तीसाहेबांना फोन करावा असंही वाटलं नाही. मी नीट बसले, ओढणी सारखी केली आणि खालाच्या नवऱ्याचं नाव त्याच्या वडिलांच्या नावासकट घेऊन, निकाहात जसं विचारतात तसं विचारलं. "खैरूनबी, तुम्हाला कबूल आहे?"

खालाने घाई केली नाही. तिने खरंच विचार केला. बाहेर ताटांचा आवाज येत होता, नसीम कुणाला तरी रस्सा वाढत होती.

"नव्हतं गो," खाला म्हणाली. "पन मानूस बरा निघाला."